‘सुईण’चा सुईशी संबंध नाही! डोहाळे, बाळंतीण, सुतक हे शब्द आले कुठून?

कात्रज : भोर, वेल्ह्याकडून बाळंतपणासाठी पुण्याला निघालेली गाडी बहुतेक कात्रजवरूनच शहरात शिरते. दवाखान्यात ‘डिलिव्हरी’, ‘सिझर’ कानावर पडतं. घरी आजी मात्र आपले जुनेच शब्द वापरते. ते आले कुठून?

डोहाळे : संस्कृत ‘दोहद’, प्राकृत ‘दोहल’ आणि मराठी ‘डोहाळे’. जुने वैद्य याचा अर्थ ‘दोन हृदयं’ असा लावत. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भवतीला दोन हृदयांची बाई म्हटलंय. आपण ‘दोन जीवांची’ म्हणतो, तसंच. पण माती, खडू खावासा वाटला तर डोहाळे म्हणून सोडून देऊ नका. अंगात रक्त कमी असल्याची ती खूण असू शकते. आशाताईंना सांगा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदरपणात ते ११ च्या खाली नको.

सुईण : ‘सू’ म्हणजे जन्म देणं. प्रसूती, सुत (मुलगा), सूतिका (बाळंतीण) हे सगळे त्यातलेच. सुईणही याच घरातली.

सुतक : हाही त्याच ‘सू’चा! मूळ संस्कृतात ‘सूतक’ म्हणजे जन्म आणि जन्मानंतर पाळायचे दिवस. आपल्याकडे मात्र तो मयताला चिकटला, जन्माला ‘सोयर’ राहिलं.

बाळंतीण : ‘बाळ’ला ‘वंत’ लागला. धनवंत तसा बाळवंत, त्यातून बाळंत.

गाभण : संस्कृत ‘गर्भिणी’चंच हे रूप. कात्रज डेअरीला दूध घालणाऱ्यांच्या गोठ्यात रोजचा शब्द. बाईला ‘गर्भवती’ म्हणायचं आणि गाईला ‘गाभण’, पण मूळ एकच. ‘पान्हा’ मात्र दोघींनाही फुटतो. तो ‘प्रस्नव’ म्हणजे पाझरणं यातून आला.

सटवाई : ‘षष्ठी’ म्हणजे सहावी. बाळाच्या सहाव्या दिवसाची देवी ती सटवाई. बाराव्या दिवसाचं ते बारसं.

सिझर : रोमचा ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून हे नाव, असं सांगतात. ते खरं नसावं. त्या काळी पोट फाडल्यावर आई वाचत नसे. सीझरची आई तर तो मोठा होईपर्यंत जिवंत होती. लॅटिनमध्ये ‘कापणे’ या अर्थाचा शब्द आहे, त्याच्याशी हे नाव जोडलं जातं.

वांझ : संस्कृत ‘वंध्या’वरून आलेला. मूल न होण्याचं कारण पुरुषातही असू शकतं, तरी हा शब्द बाईच्याच माथी मारला गेला. तपासणी दोघांचीही करा. बाकीचे शब्द जपा, हा एक टाकून दिला तरी चालेल.