‘फॉन्ड’ : खुळेपणाकडून मायेकडे

हीन अर्थाचा शब्द कालांतराने चांगल्या अर्थाने रूढ होतो, तेव्हा त्या प्रक्रियेला अर्थोत्कर्ष म्हणतात. इंग्रजीतील ‘फॉन्ड’ हे विशेषण त्याचे बोलके उदाहरण आहे.

मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘मूर्ख, खुळा’ असा होता. शेक्सपिअरच्या (१५६४–१६१६) ‘किंग लिअर’मधील वृद्ध राजा हे विशेषण स्वतःला लावतो, तेव्हा तो आपल्या खुळावलेपणाचीच कबुली देत असतो. अतोनात माया करणारा माणूस विवेक हरवतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यातूनच ‘खुळा’ या अर्थाला ‘मायेने खुळावलेला’ ही छटा आली. पुढे खूळ मागे पडले आणि माया उरली.

मराठीला ही वाट अपरिचित नाही. ‘त्याला नाटकाचे वेड आहे’ या वाक्यात वेड म्हणजे उत्कट आवड. संस्कृतात प्रामुख्याने भ्रम सुचवणारा ‘माया’ हा शब्दही मराठीत आईच्या वात्सल्यासाठी रूढ झाला.

आता उपयोजन पाहू. ‘फॉन्ड ऑफ’ यानंतर व्यक्ती, वस्तू किंवा कृती येते. व्यक्ती असेल तर मराठीत ‘लळा’ किंवा ‘जिव्हाळा’, पदार्थ असेल तर ‘आवड’, कृती असेल तर ‘हौस’ हे शब्द जवळचे ठरतात. हा भाव बहुधा सहवासाने किंवा सवयीने जडलेला असतो आणि ‘लव्ह’पेक्षा सौम्य असतो. म्हणूनच कादंबरीतील नायकाने प्रेम व्यक्त केल्यावर नायिकेने ‘आय अ‍ॅम फॉन्ड ऑफ यू’ एवढेच उत्तर दिले, तर तो बहुधा हळुवार नकार असतो. अनुवादकाने तेथे ‘माझेही तुझ्यावर प्रेम आहे’ असे लिहिल्यास कथानकच उलटते.

नामापूर्वी आल्यावर अधिक सावध राहावे. ‘फॉन्ड मेमरीज’ म्हणजे हृद्य आठवणी. परंतु ‘फॉन्ड होप’ म्हणजे भाबडी आशा. येथे जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘प्रेमळ आशा’ असा अनुवाद केल्यास मूळ लेखकाने व्यक्त केलेली शंकाच नाहीशी होते. शब्दाचा इतिहास असा वर्तमान वाक्याच्या अर्थनिर्णयासाठी उपयोगी पडतो.

स्वयं-अध्ययन : आपल्या बोलीत ‘वेडा’ किंवा ‘खुळा’ हे शब्द मायेने केव्हा वापरले जातात, ते तीन वाक्यांच्या आधारे स्पष्ट करा.