आवाज वाढला, हिसही वाढली

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी १९९४ साली कॅसेटवर टेप केल्या होत्या. टेपरेकॉर्डर फडताळात, आजी जात्याशी. मध्ये चांगलं चार हात अंतर. अलीकडे सातवीच्या मुलांना ऐकवायला ती कॅसेट संगणकात उतरवली. आजीचा आवाज अगदी बारीक आला. प्रोग्रॅममध्ये ‘नॉर्मलाइझ’ अशी सोय दिसली, ती वापरली. आवाज खणखणीत झाला, पण त्याबरोबर सूंऽऽ असा एकसुरी आवाज वर्गभर पसरला. “बाई, मागे स्टोव्ह पेटलाय का?” एका मुलीनं विचारलं.

जात्याची घरघर मला हवीच होती. ही ‘हिस’ मात्र नको होती. ती आली कुठून?

कॅसेटच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. त्यांच्या चुंबकत्वात आवाज नोंदला जातो. पण कण सुटे सुटे, त्यांची मांडणी विस्कळीत. त्यामुळे काहीही टेप न केलेली कोरी फीतसुद्धा सूं करते. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि सरकते सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. म्हणजे एका वेळी हेडसमोर कण थोडेच. पाच मुलांच्या गुणांची सरासरी पन्नास मुलांच्या सरासरीपेक्षा जास्त हेलकावते ना, तसाच हा प्रकार.

आता नॉर्मलाइझ काय करतं ते पाहू. संगणक आवाजाचं रूपांतर आकड्यांत करतो. १६ बिटच्या नोंदीत सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. समजा, आजीचा सर्वांत मोठा स्वर ४,००० पर्यंत पोचला आणि हिस ४० ची आहे. प्रोग्रॅम सगळ्या आकड्यांना ८ नं गुणतो. स्वर झाला ३२,०००, हिस झाली ३२०. गुणोत्तर आधी १०० होतं, नंतरही १००! गुणाकाराला आजी कोण आणि हिस कोण हे कळत नाही. शिवाय मध्येच कोणी दार आपटलं असेल, तर तोच आकडा सर्वांत मोठा ठरतो आणि आवाज वाढतच नाही. म्हणून असे दणके आधी कापावेत.

हिस मिसळण्यापूर्वीच तिचा बंदोबस्त करणं, ही युक्ती रे डॉल्बी यांची. १९६३ ते १९६५ हे गृहस्थ युनेस्कोचे सल्लागार म्हणून चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत होते. मग लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली. १९६८ साली आलेल्या ‘डॉल्बी बी’ पद्धतीत टेप करताना हळू आणि बारीक, म्हणजे उच्च कंपनसंख्येचे, आवाज मुद्दाम वाढवतात आणि वाजवताना तेवढेच कमी करतात. फितीची हिस या दोन पायऱ्यांच्या मध्ये येते, म्हणून ती फक्त कमी होते. आमच्या टेपरेकॉर्डरला ही सोय नव्हती, आणि मागाहून ती लावता येत नाही.

मागाहून करता येतं ते वेगळं. ओवी सुरू होण्याआधीचा, नुसत्या हिसचा एखाददुसरा सेकंद प्रोग्रॅमला निवडून द्यायचा. (ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यात हे जमतं.) त्यावरून तो हिसचा नमुना शिकतो आणि जिथे आवाज त्या नमुन्याइतकाच क्षीण असेल, तिथे तो दाबतो. हे केल्यावर मग नॉर्मलाइझ करावं. मूळ नोंद मात्र पुसू नये.

इथे मी लोभ केला. हिस पार घालवली, तर आजी पाण्याखालून गाते आहे असं वाटू लागलं. त्याहून वाईट म्हणजे ‘सासर’चं ‘स’ गळालं. कारण सोपं आहे. ‘स’, ‘श’ म्हणताना आपण स्वतःच हिस करतो! दातांतून हवा सोडून पाहा. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च यांतला फरकही बराचसा याच बारीक आवाजांत असतो. बोलीची नोंद ठेवायची, तर नेमकं हेच जपायला हवं. शेवटी मी अर्धीअधिक हिस तशीच राहू दिली.

नव्या नोंदींसाठी मुलांकडून एक प्रयोग करून घ्या. फोनवर एकच वाक्य एकदा हातभर अंतरावरून आणि एकदा वीतभरावरून टेप करायचं, मग दोन्ही नॉर्मलाइझ करून ऐकायचं. अंतर निम्मं झालं की आवाजाचा दाब साधारण दुप्पट होतो. पंख्याची घरघर आणि यंत्राची हिस मात्र होती तेवढीच राहते. तोंड अगदी फोनसमोर नको, जरा बाजूला हवं, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’चे फटके बसतात. आमच्या वर्गातली मुलं आता घरी आजीशी बोलताना फोन तिच्या हनुवटीखाली, पदराला न घासेल असा धरतात, आणि आधी पंखा बंद करतात.