माउसचं बटण कीबोर्डवर: ऐकीव किती, खरं किती

लॅपटॉपच्या टचपॅडचं डावं बटण बसलं की माणूस थेट दुरुस्तीच्या दुकानाचा रस्ता धरतो. तिथे अनेकदा एकच उत्तर मिळतं: बटण सुटं मिळत नाही, अख्खं टचपॅड बदलावं लागेल. तोवर काम अडून राहतं. खरं तर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर माउसच्या बटणाचं काम कीबोर्डवरच्या एखाद्या कळीला नेमून देता येतं, आणि तेही एक रुपया खर्च न करता. पण या सोयीभोवती इतक्या अर्धवट समजुती आहेत की लोक एकदा करून बघतात, नीट जमत नाही म्हणून सोडून देतात. त्यातल्या ज्या समजुती खरोखर काम बिघडवतात, त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे.

"राइट क्लिकसाठी शिफ्ट-एफ१० आहेच की"

विंडोजमध्ये शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबलं, किंवा उजव्या कंट्रोलशेजारची मेन्यूची कळ दाबली, की राइट क्लिकसारखीच यादी उघडते. म्हणून दोन्ही एकच, असं सर्रास सांगितलं जातं. फरक कुठे आहे ते दोन मिनिटांत तपासता येतं. एखाद्या फोल्डरमध्ये पहिली फाइल निवडा आणि पॉइंटर पाचव्या फाइलवर नेऊन ठेवा. आता शिफ्ट-एफ१० दाबा. यादी पहिल्या फाइलची उघडेल. पॉइंटर कुठे आहे याच्याशी त्या कळीचा संबंधच नसतो; जे निवडलेलं आहे त्याचीच यादी ती काढते. त्या यादीतून 'डिलीट' निवडलं, तर नको ती फाइल जाईल. एक्सेलमध्ये निवडलेल्या चौकटीबाबत हेच घडतं.

यादी उघडण्यापुरती ही कळ उत्तमच आहे, आणि कीबोर्डवरच काम करणाऱ्याने ती जरूर वापरावी. पण ती माउसच्या उजव्या बटणाची जागा घेऊ शकत नाही. डाव्या क्लिकऐवजी एंटर किंवा स्पेस वापरा, या सल्ल्याचीही गोष्ट तीच.

"क्लिक म्हणजे एक हुकूम, तो कुठल्याही कळीला जोडा"

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. माउसच्या बटणाकडून कॉम्प्युटरला दोन वेगळे निरोप जातात: बटण दाबलं, आणि बटण सोडलं. साध्या क्लिकमध्ये हे दोन्ही पाठोपाठ येतात म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. पण मजकुराच्या चार ओळी निवडायच्या असतील, फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरात टाकायची असेल, व्हिडिओची पट्टी पुढे सरकवायची असेल, तर या दोन निरोपांच्या मधल्या वेळातच सगळं काम होतं.

बरेच जण शॉर्टकट नेमताना 'अमुक कळ दाबली की क्लिक पाठव' एवढंच सांगतात. मग कळ दाबताच दाबणं आणि सोडणं दोन्ही क्षणात होऊन जातं आणि ओढण्याचं काम कधीच जमत नाही. भरीला आणखी एक अडचण असते. कीबोर्डची कळ दाबून धरली की ती आपोआप पुन्हा पुन्हा उमटते, 'अ' दाबून धरल्यावर ओळभर 'अ' येतात तशी. माउसचं बटण असं करत नाही. त्यामुळे असा शॉर्टकट जरा जास्त वेळ दाबला गेला की क्लिकांचा मारा सुरू होतो आणि एकाऐवजी चार खिडक्या उघडतात.

विंडोजवरच्या ऑटोहॉटकी या मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅममध्ये याची सोय आधीच केलेली आहे. एका ओळीत काम होतं: आधी कळीचं नाव, मग लागोपाठ दोनदा कोलन, मग हवं ते बटण. अशी नेमणूक केली की कळ दाबल्यावर बटण दाबलं जातं, सोडल्यावर सुटतं, आणि मधल्या वेळात कळ पुन्हा उमटली तरी नवा क्लिक जात नाही. तोच प्रोग्रॅम वापरून फक्त 'क्लिक'ची आज्ञा लिहिली, तर मात्र वरच्या दोन्ही अडचणी येतात. नेमणूक बरोबर झाली की नाही ते बघायचं असेल तर पेंट उघडा, कळ दाबून धरा आणि टचपॅडवर बोट फिरवा. सलग रेघ उमटली तर बटण खरं. नुसता ठिपका उमटला तर ती नेमणूक कामाची नाही.

जोडकळा नेमण्याची हौसही इथे नडते. कंट्रोल-ऑल्ट-जे दाबल्यावर क्लिक जावा असं ठरवलं, तरी त्या क्षणी तुमचं बोट कंट्रोलवर असतंच. ब्राउझरला तो साधा क्लिक न दिसता कंट्रोल-क्लिक दिसू शकतो, आणि दुवा नव्या टॅबमध्ये उघडतो. लिनक्सवरच्या एक्सडूटूल या साधनाला अशा दाबलेल्या कळा बाजूला ठेवायला वेगळं सांगावं लागतं. म्हणून बटणासाठी नेहमी एकटी कळ निवडा.

"माउस कीज म्हणजे मुंगीच्या पावलांनी सरकणारा पॉइंटर"

विंडोजमधली 'माउस कीज' ही सोय डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबल्यावर सुरू होते. नंबर पॅडवरच्या ८, २, ४, ६ ने पॉइंटर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जातो. ७, ९, १, ३ ने तिरका. हे करून बघणारा वैतागतो आणि लगेच बंद करतो. पण माउस कीज सुरू असताना टचपॅड बंद होत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पॉइंटर बोटानेच हलवा, आणि फक्त क्लिकसाठी नंबर पॅडवरचा ५ दाबा. बेरजेच्या चिन्हाने डबल क्लिक होतो. शून्याने बटण दाबलेलं राहतं, टिंबाने सुटतं. फाइल ओढायची असेल तर शून्य दाबा, बोटाने पॉइंटर न्या, टिंब दाबा. झालं. बटण तुटलेल्या लॅपटॉपवर मला हीच रीत सगळ्यात भरवशाची वाटते. एका हाताने पॉइंटर आणि दुसऱ्या हाताने हुकूम, ही वाटणी काही नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी माउस पहिल्यांदा जगापुढे मांडला, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात तीन बटणांचा माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा वेगळा संच.

"माउस कीज लावल्यापासून सगळे क्लिक उजवेच होतायत" ही तक्रार इथलीच. नंबर पॅडवरचं वजाबाकीचं चिन्ह राइट क्लिक करत नाही. यापुढचा ५ उजव्या बटणाचा समजा, एवढंच ते सांगतं. ही निवड तशीच राहते. डाव्या बटणावर परतायला भागाकाराचं चिन्ह दाबावं लागतं. गुणाकाराचं चिन्ह मधल्या बटणासाठी आहे असं समजणारेही बरेच. विंडोजमध्ये त्याने डावं आणि उजवं ही दोन्ही बटणं एकदम दाबली जातात. मधलं बटण विंडोजच्या माउस कीजमध्ये नाहीच. ते हवं असेल तर ऑटोहॉटकीकडे वळावं लागतं.

हिशेबाचं काम करणारे म्हणतात की नंबर पॅड गेलं तर आकडे कसे टाकायचे. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमधल्या माउस कीजच्या पानावर एक निवड आहे: नम लॉक चालू असताना ही सोय चालावी की बंद असताना. 'बंद' निवडा. मग नम लॉक चालू केला की आकडे, बंद केला की माउस. त्याच पानावर वेग वाढवता येतो, आणि कंट्रोल धरल्यावर पॉइंटर जलद, शिफ्ट धरल्यावर हळू जावा असंही ठरवता येतं.

"नंबर पॅड नसलेल्या लॅपटॉपवर काही होत नाही"

विंडोजच्या माउस कीजपुरतं हे खरं आहे. तिला नंबर पॅडच लागतं. यूएसबीने जोडायचं सुटं नंबर पॅड चालतं, नाहीतर वर सांगितलेली नेमणूक आहेच. मॅकवर मात्र ही अडचण नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात पॉइंटर कंट्रोल, तिथे माउस कीज. ऑप्शनची कळ पाच वेळा दाबून ती सुरू-बंद करण्याची निवडही तिथेच मिळते. साध्या कीबोर्डवरच्या ७, ८, ९, यू, ओ, जे, के, एल या कळांनी पॉइंटर फिरतो, आयने क्लिक होतो, एमने बटण धरलं जातं, टिंबाने सुटतं. सोय चालू असेपर्यंत त्या कळांनी टाइप करता येत नाही. कीबोर्ड बिघडला असं वाटून घाबरू नका. टचपॅड आपोआप पॉइंटर नाचवत असेल, तर माउस कीज चालू असताना त्याच्याकडे दुर्लक्ष कर, असंही मॅकला सांगता येतं.

"कुठलीही रिकामी कळ घ्या"

एफएनची कळ घेऊ नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती आतल्या आतच हाताळली जाते, विंडोजपर्यंत स्वतंत्रपणे पोचतच नाही. उजवा ऑल्ट रिकामा वाटतो, पण तो आपल्याकडे रिकामा नसतो. भारतीय इंग्रजी कीबोर्डवर रुपयाचं ₹ हे चिन्ह उजवा ऑल्ट आणि ४ ने उमटतं, आणि इनस्क्रिप्टने मराठी लिहिणाऱ्यांनाही काही अक्षरांसाठी तीच कळ लागते. उजवा कंट्रोल त्या मानाने निर्धोक. तो नसेल तर वापरात नसलेली एफची कळ घ्या, मात्र एफच्या कळांवर आवाज-उजेडाची कामं आधी येत असतील तर ती सोय आधी उलटवून घ्या.

अक्षराची कळ घेतली तर आणखी एक गंमतशीर वाटणारा पण त्रासाचा प्रकार होतो: कळ दाबताच टचपॅड गोठतं. टाइप करताना तळहात लागून पॉइंटर उडू नये म्हणून टचपॅड क्षणभर बंद ठेवण्याची व्यवस्था असते, ती इथे आड येते. लिनक्सवरची लिबइनपुट ही प्रणाली कंट्रोल-ऑल्टसारख्या कळा, एफच्या कळा आणि नंबर पॅड यांना 'टाइप करणं' मानत नाही. तिथे या कळा निवडल्या की गोठण्याचा प्रश्नच उरत नाही.

लिनक्सबद्दल आणखी थोडं. तिथे बटण २ म्हणजे उजवं असं गृहीत धरून नेमणूक करणारे फसतात. एक्स प्रणालीत डावं १, मधलं २ आणि उजवं ३. मधल्या बटणाला तिथे खास काम आहे: निवडलेला मजकूर ते थेट चिकटवतं. त्यामुळे राइट क्लिकची यादी येण्याऐवजी पानावर भलताच मजकूर उमटतो. जुन्या लेखांतल्या एक्समॉडमॅप आणि एक्सडूटूलच्या कृती एक्सच्या जागी आलेल्या वेलँड प्रणालीवर चालत नाहीत, तेव्हा सोय बंद झाली असं समजू नका; कीडी किंवा इनपुट-रीमॅपरसारखी त्याखालच्या पातळीवर काम करणारी साधनं वापरा. एकच बटण असलेल्या ॲपलच्या जुन्या लॅपटॉपसाठी तर लिनक्सच्या गाभ्यातच कळीला बटण नेमण्याची व्यवस्था घातली गेली. तिथे ठरवून दिलेल्या कळा होत्या ९७ आणि १००, म्हणजे उजवा कंट्रोल आणि उजवा ऑल्ट.

ही सगळी सोय अपंग व्यक्तींसाठीच आहे, आपण तिकडे कशाला जायचं, असंही काही जण म्हणतात. ती जन्मली त्यांच्याच गरजेतून. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या ट्रेस सेंटरने अशा सोयींवर केलेलं काम पुढे विंडोजमध्ये आलं. ज्याचा हात थरथरतो, ज्याला बोटाने बटण दाबता येत नाही, त्याला कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून ते झालं. दुसऱ्या कुणी वापरल्याने त्यातलं काही कमी होत नाही. ती ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर आहे म्हणून आपण तिथे कधी डोकावत नाही, एवढाच काय तो अडसर.

मात्र 'माउस इम्युलेटर' असं शोधून मिळेल तो प्रोग्रॅम उतरवू नका. कळा बदलणारा प्रोग्रॅम तुमची प्रत्येक कळ वाचू शकतो, त्यात बँकेचा पासवर्डही आला. आधी विंडोज किंवा मॅकमध्ये असलेलं वापरा, नंतर ज्याचा स्रोत खुला आहे ते. आणि टचपॅडचा पृष्ठभाग शाबूत असेल, तर त्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन एका बोटाची टिचकी डावा क्लिक, दोन बोटांची उजवा आणि तीन बोटांची मधलं बटण अशी मांडणी करून बघा. साध्या कामांना ती पुरते. ऑटोहॉटकी वापरताना एक ध्यानात ठेवा: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत साध्या अधिकाराने चालणारी नेमणूक लागू पडत नाही. तिथे क्लिक झाला नाही तर कळ बिघडलेली नसते.

राहिला शेवटचा गैरसमज, आणि तो धोक्याचा आहे: क्लिक होत नाही म्हणजे बटणच खराब. अनेक लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या खालीच बॅटरी असते. लिथियम-आयन बॅटरी जुनी होऊन फुगली की टचपॅडला खालून रेटते आणि बटण दबेनासं होतं. कुठलीही कळ नेमण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. टचपॅड एका कडेने उचललेलं दिसतं का, तळ डुगडुगतो का, झाकण नीट मिटतं का, ते बघा. तसं काही आढळलं तर शॉर्टकटच्या मागे लागू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि बॅटरी बदलून मिळेपर्यंत तो पुन्हा सुरू करू नका.