नळावरील पांढरा थर

उधन्याच्या वस्त्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. उधना-जळगाव लोहमार्गाने त्यांचे गावाकडे जाणे-येणे चालते, आणि इथली नि खानदेशची नदीही एकच, तापी. सुरत महानगरपालिका पाणी पुरविते ते या तापीचेच. परंतु जेथे ते पुरत नाही तेथे बोअरच्या पाण्यावर भागवावे लागते, आणि ते बहुधा जड असते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, आणि नवा चकचकीत नळ थोड्याच महिन्यांत पांढुरका होऊन बसतो. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात.

आपल्या भगिनी हा थर मळ समजून घाशीत बसतात. वस्तुतः तो चुन्याचाच एक प्रकार होय. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायॉक्साइड वायू शोषून किंचित आम्ल बनते आणि जमिनीतील चुनखडी आपल्यात विरघळवून घेते. पुढे नळावर थेंब वाळला की वायू उडून जातो व चुनखडी मागे राहते. तापविल्याने हीच क्रिया झपाट्याने होते. म्हणून बंबात नि गिझरमध्ये दगडासारखी खपली धरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने हा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानला आहे. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

चुनखडी घासून निघत नाही, आंबटाने विरघळते. तांब्यापितळेची भांडी चिंचेने उजळणाऱ्या आपल्या आज्यांना आंबटाचा हा गुण ठाऊकच होता. नळासाठी किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर घ्यावे, नाहीतर लिंबाचा रस. त्यात सुती फडके भिजवून नळाला गुंडाळावे, अर्धा तास तसेच राहू द्यावे, मग मऊ ब्रशाने घासून स्वच्छ पाण्याने धुवावे. थर जुना असेल तर दोनतीनदा करावे लागेल. शॉवरची छिद्रे बुजली असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून ती शॉवरच्या तोंडाला बांधावी. मात्र फरशी कोटा, कडप्पा वा संगमरवराची असेल तर थेंबही पडू देऊ नये. तेही चुन्याचेच दगड, आंबटाने त्यांची झिलई जाते.

हे सारे सावकाशीचे काम आहे, आणि म्हणूनच पुष्कळ घरांत अ‍ॅसिडची बाटली येते. डाग क्षणात जातो हे खरे. पण नळाच्या पितळेवर क्रोमचा मुलामा अत्यंत पातळ असतो; अ‍ॅसिडाने तो खराब झाला की पुन्हा चकाकी येत नाही. हे नुकसान पैशाचे, ते सोसता येईल. बंद न्हाणीघरात त्याचा धूर छातीत जातो, त्याचे काय? त्यातून कोणी अधिक सफाईसाठी ब्लीचिंग पावडर मिसळली, तर क्लोरीन वायू निघतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. व्हिनेगरही ब्लीचिंगजवळ नेऊ नये.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. ते अ‍ॅसिडहल्ल्यांच्या संदर्भात होते. घरातला धोका निराळाच आहे. अ‍ॅसिड सरबताच्या वा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवतात, आणि तहानलेल्या मुलाला बाटली तेवढी ओळखीची असते. कोणाच्या अंगावर वा डोळ्यांत उडालेच तर हळद, तेल असले काही न लावता वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धुवावे व तडक दवाखाना गाठावा. पोटात गेले असेल तर ओकारी मुळीच काढवू नये.

राहिला रोजचा उपाय. थेंब वाळला नाही तर थरही बसत नाही. शेवटी आंघोळ करणाराने नळ कोरड्या फडक्याने पुसावा, मग तो घरातला कर्ता पुरुष का असेना.