आयएनएस ४५१ : कोळंबीतलं पाणी आणि किडनीवरचा भार

लेखमाला : पाकिटामागची यादी

फ्रोझन कोळंबीचं पाकीट उलटून मागची यादी वाचा. कोळंबी, पाणी, मीठ आणि त्यानंतर बऱ्याचदा ‘आयएनएस ४५१’ असा आकडा असतो. हे सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट. कपडे धुण्याच्या पावडरीतही हेच रसायन वर्षानुवर्षं वापरलं गेलं, म्हणून ‘कोळंबीला डिटर्जंट लावतात’ असे संदेश अधूनमधून मोबाइलवर येतात. रसायन एकच आहे, हे खरं. पण त्यावरून ते विष ठरत नाही. शिवाय या संदेशांनी घाबरतात ती धडधाकट माणसं. ज्यांना फॉस्फेटची खरोखर चिंता करायला हवी, त्यांना मात्र तो आकडा ओळखायला कुणी शिकवलेलं नसतं.

आधी पावडरीचं बघू. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला काम करू देत नाही. ट्रायपॉलिफॉस्फेट त्यांना पकडून ठेवतं, म्हणून कपडा स्वच्छ निघतो. अनेक देशांनी पावडरीतलं फॉस्फेट पुढे कमी केलं, कारण सांडपाण्याबरोबर ते तळ्यांत जाऊन शेवाळ माजवत होतं. शेतकऱ्याच्या खताच्या गोणीतला स्फुरद तो हाच. पिकाला जे पोसतं ते शेवाळालाही पोसतं. खाण्यासाठीच्या फॉस्फेटमध्ये आर्सेनिक, शिसं, फ्लोराइड किती चालेल यावर कडक मर्यादा असतात. पावडरीच्या मालाला त्या लागू नसतात. फरक इथे आहे.

कॅल्शियम पकडण्याचा हाच गुण चीजच्या कारखान्यात कामाला येतो. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅल्शियमने एकमेकांना जखडलेलं असतं. साधं चीज तापवलं की तूप सुटतं आणि उरतो तो चिवट गोळा. त्यात सोडियम फॉस्फेट घातलं की कॅल्शियमची पकड सुटते, केसीन मोकळं होऊन तुपाला धरून ठेवतं आणि स्लाइस एकसारखी वितळते. चीज स्लाइसच्या लेबलवर ‘इमल्सिफायर’ या शब्दापुढे ३३९ किंवा ४५२ दिसतो, तो यासाठी.

कोळंबीत घडतं ते जरा निराळं. गोठवताना बर्फाचे स्फटिक स्नायूच्या पेशी फाडतात. मग बर्फ उतरला की पाणी वाहून जातं आणि कोळंबी कोरडी, धाग्याधाग्याची लागते. ट्रायपॉलिफॉस्फेटचं द्रावण अल्कधर्मी असतं. त्यात बुडवल्यावर स्नायूतल्या प्रथिनांवरचा ऋणभार वाढतो, ती एकमेकांपासून दूर सरतात आणि मधल्या जागेत पाणी धरलं जातं. शिवाय स्नायूतली विकरं त्याचं पायरोफॉस्फेट करतात आणि ते ॲक्टिन-मायोसिनची मिठी सैल करतं. जिवंत स्नायूत हे काम एटीपी करतं.

बेताने वापरलं तर हे कोळंबीतलं मूळचं पाणी राखतं. द्रावणात तासन्‌तास भिजत ठेवलं, तर बाहेरचं पाणी कोळंबीच्या भावात विकता येतं. अशी कोळंबी ओळखता येते. कच्ची असताना ती काचेसारखी पारदर्शक दिसते, बोटांना बुळबुळीत, काहीशी साबणासारखी लागते. तव्यावर टाकली की पांढरट पाणी सोडत आकसते आणि चावताना रबरासारखी उसळते. हा ग्राहकाच्या खिशावरचा दरोडा आहे आणि त्याबद्दल आरडाओरडा व्हायलाच हवा.

आता शरीरात काय होतं ते. आतड्यातली विकरं या लांब साखळ्या तोडून साधं फॉस्फेट बनवतात. हाडं, दात, डीएनए, पेशीतली ऊर्जा, सगळीकडे ते लागतं. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो, त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत. प्रश्न येतो तो मात्रेचा. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये सगळ्या फॉस्फेटांची मिळून मर्यादा ठरवली : वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम फॉस्फरस, नैसर्गिक आणि घातलेला धरून. ६० किलोच्या माणसाला हे २.४ ग्रॅम होतात. युरोपात गोठवलेल्या कोळंबीत किलोला ५ ग्रॅमपर्यंत फॉस्फेट चालतं, पण तो आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबात असतो. फॉस्फरसमध्ये मोजला तर १०० ग्रॅम कोळंबीमागे जास्तीत जास्त २२० मिलिग्रॅमच्या आसपास. कोळंबीत मुळातच जवळपास तेवढा फॉस्फरस असतो, म्हणजे तो दुप्पट झाला. निरोगी किडनी एवढा जास्तीचा फॉस्फरस लघवीवाटे सहज बाहेर टाकते. तरी त्याच प्राधिकरणाने लहान मुलांच्या बाबतीत मर्यादा ओलांडली जाऊ शकते असं बजावलं आहे, आणि चीज स्लाइस रोज डब्यात देणाऱ्या पालकांनी ते मनावर घ्यावं.

त्याच्या दोन वर्षं आधी युरोपीय संसदेत डोनर कबाबवरून रण पेटलं होतं. गोठवलेल्या मांसाच्या उभ्या सळईत फॉस्फेट चालू द्यावं की नाही, हा वाद. विरोधी ठरावाला १३ डिसेंबर २०१७ रोजी ३७३ मतं पडली; हवी होती ३७६. तीन मतांनी कबाब वाचला. विरोधकांचं म्हणणं हृदयविकार आणि किडनीबद्दल होतं, आणि त्यातल्या किडनीच्या मुद्द्यात भरपूर तथ्य आहे.

वर सांगितलेली ४० मिलिग्रॅमची मर्यादा किडनीचं काम मध्यम किंवा जास्त खालावलेल्यांना लागू नाही, असं प्राधिकरणाने स्पष्ट म्हटलं आहे. अशा माणसाच्या रक्तात फॉस्फेट साठतं. अंगाला खाज सुटते, पॅराथायरॉइड ग्रंथी चेकाळतात, हाडं झिजतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम जमतं. डायलिसिसनेही सगळं फॉस्फेट निघत नाही.

माझ्या मते आपल्याकडच्या पथ्यात गफलत होते ती इथेच. रुग्ण डाळ सोडतो, शेंगदाणे सोडतो. डाळीतला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि तो सोडवणारं विकर माणसाच्या आतड्यात जवळपास नसतंच, म्हणून त्यातला अर्ध्याहून कमीच रक्तात येतो. पाकिटातल्या फॉस्फेटचा मात्र सुमारे ९० टक्के शोषला जातो. अमेरिकेत ओहायो राज्यात डायलिसिसवरच्या २७९ रुग्णांपैकी काहींना फक्त एवढंच शिकवलं : लेबल वाचा, फॉस्फेट घातलेले पदार्थ टाळा. तीन महिन्यांत त्यांच्या रक्तातलं फॉस्फेट इतरांपेक्षा ०.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर जास्त उतरलं. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध वाढवलं नाही, फक्त यादी वाचायला शिकवली.

आपल्या लेबलवर अडचण अशी, की आकडा असतो पण मात्रा नसते. सोडियम किती हे छापावं लागतं, फॉस्फरस किती हे नाही. माझा आग्रह आहे की तेही छापलं जावं. तोवर घरात किडनीचा रुग्ण असेल तर ३३८ ते ३४१, ३४३ आणि ४५० ते ४५२ हे आकडे कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. कोला, चीज, नगेट्स, सॉसेज, तयार केकचं पीठ, फ्रोझन मासळी यांवर ते आधी शोधा. आणि फॉस्फेट बांधून ठेवणारी गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते. चार वाजता खाल्लेल्या सँडविचबरोबर ती घ्यायची का, हे पुढच्या तपासणीला डॉक्टरांना नक्की विचारा.

(पुढील लेखांकात : सॉसेजचा गुलाबी रंग आणि नायट्राइट)