‘नाहीतर’ची ओळ

सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संकलन केंद्रावर मी पहाटे साडेपाचला उभा होतो. किटल्यांची रांग लागली होती. यंत्रावर एकेकाची फॅट लागत होती आणि पाठोपाठ पावती बाहेर पडत होती. तिथला हिशेब मी लिहिलेल्या क्वेरीवर चालायचा, म्हणून तो चालताना बघायला मुद्दाम गेलो होतो. तेवढ्यात एका मावशींनी पावती माझ्यापुढे धरली. “दादा, माझ्या दारात गायच न्हाई. मग हितं गाईचं दूध आलं कुठनं?”

त्या प्रश्नापासून डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेतल्या ‘केस’ या रचनेचा मला जो ध्यास लागला, तो अजून सुटलेला नाही.

डेटाबेसमधून माहिती काढताना आपण कोणते रकाने हवेत ते सांगतो. पण कधी कधी कोणता रकाना घ्यायचा हे त्या त्या नोंदीवरच ठरतं. डेअरीच्या दरपत्रकात गायदर आणि म्हैसदर असे दोन रकाने होते आणि पावतीवर दर एकच छापायचा होता. मी लिहिलं होतं: केस, व्हेन जनावर म्हैस, देन म्हैसदर, एल्स गायदर, एन्ड. म्हणजे म्हैस असेल तर म्हशीचा दर, नाहीतर गाईचा. वाचायला अगदी सरळ.

मावशींच्या नोंदीत जनावराचा रकाना भरायचाच राहिला होता. अशा रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे; नल म्हणजे ‘माहीत नाही’. ‘जे माहीत नाही ते म्हैस आहे का?’ असं विचारल्यावर डेटाबेस ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही, त्याचं तिसरं उत्तर असतं, ‘सांगता येत नाही’. व्हेनचं दार मात्र फक्त ‘हो’साठी उघडतं. गाय आणि ‘माहीत नाही’ ही दोन्ही उत्तरं मी एल्सच्या एकाच दावणीला बांधली होती. ‘जनावर बरोबर नल’ असं विचारूनही भागत नाही, कारण त्याचंही उत्तर ‘सांगता येत नाही’ असंच येतं. त्यासाठी ‘इज नल’ असं वेगळंच विचारावं लागतं.

थोडा इतिहास. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये त्यावरची ‘सीक्वेल’ ही भाषा जाहीर केली. तीच पुढे एसक्यूएल झाली. 1986 मध्ये तिचं पहिलं प्रमाणीकरण झालं आणि ‘केस’ला प्रमाण भाषेत जागा मिळाली 1992 मध्ये. त्याआधी ऑरॅकल डेटाबेस वापरणारे ‘डिकोड’ या फंक्शनवर काम भागवत. त्याची गंमत अशी की दोन नल समोरासमोर आले तर डिकोड त्यांना सारखेच मानतो. म्हणून जुना डिकोड काढून तिथे डोळे झाकून केस बसवली, तर हिशेब बदलू शकतो.

नलवरून मोठमोठ्यांचे वाद झाले आहेत. रिलेशनल डेटाबेससाठीच्या कॉड यांच्या प्रसिद्ध बारा नियमांतला तिसरा नियम नलबद्दलच आहे. त्यांचेच सहकारी ख्रिस डेट यांनी मात्र नलला ठाम विरोध केला. मला विचाराल तर मी कॉड यांच्या बाजूचा. माहीत नसलेली गोष्ट ‘माहीत नाही’ अशीच नोंदवण्यात प्रामाणिकपणा आहे. घोळ होतो तो आपण तिला गुपचूप दुसऱ्या कशात तरी ढकलतो तेव्हा.

केसमध्ये ओळींच्या क्रमालाही फार महत्त्व आहे. जी अट पहिल्यांदा खरी ठरते तिथेच निवड संपते. ‘फॅट सहा किंवा जास्त’ ही अट आधी लिहून ‘सात किंवा जास्त’ ही नंतर लिहिली, तर सातवाल्याची पाळी कधीच येत नाही.

केसचा माझा सगळ्यात आवडता उपयोग बेरजेतला. सम आणि आत केस: सकाळचं दूध असेल तर लिटर, नाहीतर शून्य. शेजारी तशीच दुसरी ओळ संध्याकाळसाठी. टेबल एकदाच वाचून सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने शेजारी शेजारी उभे राहतात. मात्र समच्या जागी काउंट असेल तर एल्सला शून्य लिहू नये, कारण काउंट नल सोडून सगळं मोजतो, शून्यसुद्धा! तिथे एल्स गाळावा. मग त्या जागी आपोआप नल येतो.

मावशींच्या पावतीमागची क्वेरी मी त्याच दिवशी दुरुस्त केली. म्हैस, गाय अशा दोन स्वतंत्र अटी लिहिल्या आणि एल्सला नल दिला. दराच्या रकान्यात आकडाच बसतो, ‘तपासा’ हा शब्द बसत नाही. म्हणून त्या शब्दासाठी शेजारी दुसरी केस लिहिली. मावशींचा फरक पुढच्या दहा दिवसांच्या बिलात निघाला. तेव्हापासून मी एल्सची ओळ सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश लिहितो. आपण ज्यांचा विचार केलेला नाही, ती सगळी माणसं त्याच ओळीत येऊन उभी राहतात.

दुसऱ्या पहाटे ‘तपासा’च्या यादीत अकरा नावं निघाली. डेअरीचे सचिव यादी घेऊन खिडकीशी बसले आणि नाव येईल तसं एकेकाला विचारू लागले, “काकू, गाय का म्हैस?”