तुटलेला ब्लॉक आणि आप्पांची वीट

मागच्या वर्षी जूनमधली गोष्ट. संध्याकाळी सातला रूमवर आलो, आंघोळ केली, तेवढ्यात आप्पांचा व्हिडिओ कॉल. भारतात साडेआठ वाजले होते. ‘‘अरे, राखेच्या विटांचं घर बांध म्हणतोस? चुलीतली राख आपण उकिरड्यावर टाकतो आणि आता तिच्यातच राहायचं का?’’

आमचं गाव खानदेशात, भुसावळपासून जवळ. जुनं धाब्याचं घर उतरवून नवं बांधायचं ठरलं होतं. पैसे मी इथून पाठवणार होतो, पण वीट कोणती यावर घोडं अडलं होतं. आप्पांना भट्टीची लाल वीटच हवी होती. मी म्हणत होतो, दीपनगरच्या वीज केंद्राची राख हाकेच्या अंतरावर असताना शेतातली चांगली माती कशाला भाजायची?

मी अल ऐनमध्ये सिमेंटच्या ब्लॉकच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. दुबई-अबुधाबीसारखा झगमगाट इथे नाही. जबल हफीतचा डोंगर, खजुरांच्या बागा आणि त्यांना पाणी देणारे जुने फलज, म्हणजे पाण्याचे पाट. इथल्या प्राचीन वस्त्या आणि ओअॅसिस २०११मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. जाहिली किल्ला पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमचं घरच आठवलं. तशाच मातीच्या जाड भिंती, फक्त सागाच्या वाशांऐवजी खजुराची खोडं आणि झावळ्या. मातीचं बांधकाम पडलं तरी वाया जात नाही. पडलेली माती भिजवली, तुडवली की पुन्हा भिंत तयार. आमच्याकडेही घर उतरवताना दारं, तुळया, वासे जपून ठेवत आणि पांढरीची माती शेतात जायची.

सिमेंटचं तसं नाही. ताजा ब्लॉक साच्यातून निघताना मोडला तर माल लगेच परत मिक्सरमध्ये टाकता येतो. पण एकदा घट्ट झाला की त्यातलं सिमेंट परत मिळत नाही. मग तो क्रशरमध्ये फोडून खडी म्हणून वापरायचा. मी कामाला लागलो तेव्हा आमच्या यार्डच्या मागे तुटक्या ब्लॉकचा एवढा ढीग होता, की ट्रक वळवायला जागा नसायची.

सिमेंट वाया जाणं परवडणारंही नाही. चुनखडी जवळपास १,४५० अंश सेल्सिअसला तापवून क्लिंकर बनवतात. त्यात इंधनाचा धूर तर असतोच, पण चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्याचा वाटा इंधनापेक्षा मोठा. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा धरतात. म्हणजे तुटलेला ब्लॉक फेकला, तर त्याच्यासाठी झालेला धूरही फुकट गेला.

मग आम्ही ढीग फोडून त्याची खडी वापरायला लागलो. पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटलो. अशा खडीला जुन्या सिमेंटचा थर चिकटलेला असतो, त्यामुळे ती पाणी जास्त पिते. आम्ही ती कोरडीच टाकली, त्यात जूनचं ऊन. मिश्रणातलं पाणी खडीनंच ओढून घेतलं. ब्लॉक दाबून पाहिले तर ताकद कमी, आणि पूर्ण लॉट नापास. कचरा कमी करायला निघालो आणि ढीग वाढवून बसलो. चूक माझीच होती. पगाराच्या दिवशी साहेबांसमोर मान वर करायची हिंमत होत नव्हती.

हे सगळं त्या रात्री आप्पांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘फोडून परत वापरता, ते ठीक. पण मुळात तुटतात का, ते बघितलंस? माठ गळत असेल तर आधी भोक बुजवतात.’’

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन फिरलो. कुठे, किती वाजता, किती तुटले. निम्म्याहून जास्त ब्लॉक फोर्कलिफ्ट वळताना कोपऱ्यावर तुटत होते, कारण रस्त्यात खड्डा होता. बरेचसे दुपारी उन्हात लवकर सुकून तडकत होते. खड्डा बुजवला. उन्हाळ्यात मुख्य उत्पादन पहाटे सुरू केलं, ब्लॉकवर ओली पोती आणि प्लास्टिक आलं. खडी आता आधी भिजवतो आणि ठराविक प्रमाणातच टाकतो. मिक्सर धुतलेलं पाणी टाक्यांत निवळून पुन्हा धुण्यालाच वापरतो. समुद्राचं पाणी गोडं करून वाळवंटातून इथवर आणावं लागतं, ते ओतून द्यायला जीव धजत नाही. ढीग अजून आहे, पण ट्रक वळतो.

अल ऐनमध्येच मोठ्या प्रमाणावरही प्रयत्न चालू आहेत. एमस्टील कंपनीनं इथल्या आपल्या सिमेंट कारखान्यात मॅगसॉर्ट या फिनलंडच्या कंपनीबरोबर पोलादाची मळी, म्हणजे स्लॅग, वापरून कमी कार्बनचं सिमेंट करून पाहिलं. एका कारखान्याचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल झाला. दीपनगरची राख तेच तर करते. आपल्याकडे १९९९मध्येच केंद्र सरकारनं नियम काढला होता, की औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत किमान २५ टक्के राख मिसळावी. पुढे हे अंतर वाढवलं. त्यापुढची पायरी म्हणजे राख, कच आणि चुना किंवा सिमेंट दाबून केलेली वीट. तिला भट्टीच लागत नाही, फक्त नीट पाणी मारावं लागतं.

आप्पांना आकडे पटत नाहीत, डोळ्यांनी दिसलेलं पटतं. महिन्याभरानं त्यांचा कॉल आला, समोर अंगणात दोन विटा. त्यांनी त्या एकमेकींवर आपटल्या. खणखणीत आवाज आला. मग कमरेच्या उंचीवरून एक खाली टाकली. तुटली नाही. दुसरी रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवली आणि सकाळी हातात धरून दाखवली, ‘‘कड बोटानं उकरून बघितली, भुगा पडत नाही. चालेल.’’ मागून आईचा आवाज, ‘‘याच राखेनं जन्मभर भांडी घासली मी, मला नाही कुणी विचारलं!’’

दिवाळीनंतर भिंती उभ्या राहिल्या. जुने सागवानी वासे माजघराच्या छताला लागले, जुन्या पक्क्या विटांची परसातली मोरी झाली. काम संपल्यावर आप्पांनी मला एक फोटो पाठवला. अंगणाच्या कोपऱ्यात उरलेल्या, तुटक्या विटा रचून ठेवलेल्या. खाली लिहिलं होतं, ‘‘एवढ्याच तुटल्या. मोजून अठ्ठावीस. तुमच्याकडे आज किती?’’

आता रोज संध्याकाळी मी त्यांना आकडा पाठवतो. जास्त असला की फोन येतो.